गाईडला मिशी आहे का?

हा प्रश्न मी वयाच्या बाविसाव्या वर्षी, अंगावर बऱ्यापैकी साडी आणि हातात छत्री असताना, पार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या यात्रा कंपन्यांच्या काउंटरवर उभी राहून विचारलेला आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, "तो पान खातो का?" आणि तिसरा, "बोलताना तोंड कुठे करतो?" घाटकोपरला एका जिन्याखालच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "हे बघ बाळ, स्थळ बघायचं असेल तर घरच्या मोठ्यांना घेऊन ये. मुलगा चांगला आहे गं, पण त्याचं ठरलंय."

मागे बाकावर आमचे हेड बसले होते. ते हसले नाहीत. मांडीवरच्या वहीत त्यांनी टोकदार पेन्सिलीने लिहून घेतलं : 'घाटकोपर. मिशी, उत्तर मिळालं नाही.'

हेड म्हणजे आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे हेड ड्राफ्ट्समन. तोंडावर 'हेडसाहेब', माघारी नुसतं 'हेड'. अंधेरीच्या एम.आय.डी.सी.त पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी ट्रेसर म्हणून लागले होते. त्यांनी पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ताणायचा आणि शाईने रेघ न् रेघ गिरवायची, हे माझं काम. चुकलं तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची. खोलीत दिवसभर प्रिंट काढायच्या मशीनमधल्या अमोनियाचा वास असायचा आणि डोळ्यांना पाणी यायचं. नव्या माणसाला वाटायचं, इथे सगळे कसल्या तरी दुःखात आहेत.

हेडविषयी मला पहिल्या आठवड्यातच कळलं की माणूस सरळ नाही. तुम्ही मान खाली घालून काम करत असाल तर ते हाक मारत नसत. टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचे, तुम्ही मान वर करेपर्यंत थांबायचे आणि मग बोलायचे. पॅसेजमधून चालताना काही सांगायचं आठवलं की जागच्या जागी थांबून पूर्ण वळायचे, मगच तोंड उघडायचे. मागून येणारा त्यांच्यावर आपटायचा. मी तीनदा आपटले. कुणाकडे पाठ करून एक अक्षर बोलणार नाहीत. बोलणं मोठ्याने नव्हे, पण प्रत्येक शब्द सुटा, ओठ पूर्ण उघडून, जणू शब्द धुऊन पुसून तुमच्या हातात देताहेत.

समोरच्याने तोंडावर हात ठेवून बोललेलं त्यांना खपायचं नाही. "हात काढ. शब्द अडकतात." माझं टेबल खिडकीला पाठ करून होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते फिरवून घेतलं. म्हणाले, "मागून उजेड येतो. तुझं तोंड दिसत नाही." मला वाटलं, म्हातारा भलताच आहे, जपून राहिलं पाहिजे. म्हातारा कसला, पन्नाशीचे असतील. पण बाविसाव्या वर्षी पन्नाशीचा माणूस म्हणजे संपलंच.

टेबलाच्या खणात कंपास, स्केलपट्ट्या आणि दाढीचं सामान. सकाळी गुळगुळीत दाढी करून येणारा हा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत बेसिनपाशी पुन्हा दाढी करायचा. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे दिवे गेले की हेड बंद. वाक्याच्या मध्यात असतील तर मध्यातच थांबायचे. दहा मिनिटांनी दिवे आले की त्याच शब्दापासून पुढे. एकदा 'हा व्हॉल्व्ह जरा' एवढंच म्हणून दिवे गेले आणि आम्ही पाच जण अंधारात त्या व्हॉल्व्हचं काय, म्हणून ताटकळत उभे. दिवे आले आणि हेड म्हणाले, "डावीकडे घ्या."

"यार, हेडचा स्क्रू ढिला आहे," माझ्या शेजारचा ड्राफ्ट्समन म्हणायचा. "पण ड्रॉइंग काढतो झकास. म्हणून ठेवलाय."

त्या वर्षी गणपतीनंतर दाढीच्या सामानाशेजारी सहलींची पत्रकं साठायला लागली. डब्यातली पोळीभाजी खाता खाता हेड ती वाचायचे. लोक अशी पत्रकं वाचतात ती आंघोळीला गरम पाणी आहे का, नाश्त्याला रोज पोहेच का, हे बघायला. हेड तिकडे ढुंकून बघत नसत. 'घरगुती जेवण, रोज एक गोड पदार्थ' यावर लाल पेन्सिलीची काट. 'प्रशस्त खोल्या' यावर काट. 'माहितगार मार्गदर्शक' या दोन शब्दांखाली मात्र दोन रेघा आणि पुढे हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह. त्यांना हवी होती बदामी-पट्टदकलची चार दिवसांची सहल. जुनी देवळं, लेणी, तळं, लाल दगडाचे डोंगर. अशी सहल काढणाऱ्या पाच-सहा कंपन्या तरी होत्या, आणि कुणीही भल्या माणसाने जी स्वस्त पडेल ती घेऊन मोकळं व्हावं. हेडना मात्र ठरवायला तीन महिने लागले.

मी त्यात कशी सापडले, तर दादरच्या एका कंपनीने त्यांना जवळजवळ हाकललं. तिथल्या तरुण क्लार्कने विचारलं म्हणे, "काका, तुम्हाला सहलीला जायचंय की गाईड दत्तक घ्यायचाय?" दुसऱ्या दिवशी हेडनी माझ्या टेबलावर टकटक केली.

"शनिवारी दुपारी मोकळी असतेस?"

"का?"

"काही प्रश्न विचारायचे आहेत. मला लोक उत्तरं देत नाहीत. तुला देतील."

प्रश्नांचा कागद त्यांनी हातात ठेवला. ड्रॉइंगवर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत. मिशी, पान, तोंड कुठे, सहलीत किती माणसं, चालत्या बसमध्ये माहिती सांगतो की उतरल्यावर, लेण्यात टॉर्च असतो का आणि तो कशावर मारतो. मी वाचून त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. विनोदाची खूण कुठेही नव्हती.

मी हो का म्हटलं? एक तर माझं ट्रेसिंग पास करणारे तेच. दुसरं म्हणजे मला नसत्या चौकशांची खोड लहानपणापासून. शेजारच्या घरी तार आली तर तारवाल्याआधी मी जिना चढलेली असायची. माणूस गाईडच्या मिशीच्या मागे का लागतो, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागलं नसतं. आणि विचारलं की हेड नुसतं म्हणायचे, "मागच्या वेळी चुकलं. आता चुकून चालणार नाही." काय चुकलं ते काही सांगत नसत.

घाटकोपरला मात्र माझं डोकं फिरलं. आमचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. त्या चष्मेवाल्या बाईंनी आमच्या आईला गाठून विचारायचं आता बाकी राहिलं होतं. रस्त्यावर येताच मी छत्री आपटली आणि म्हटलं, "हेडसाहेब, आता मला कारण सांगा. नाहीतर तुमचा कागद तुमच्यापाशी."

ते थांबले, पूर्ण वळले. "घरी चल. चहा घेऊ. कारण घरीच आहे."

मुलुंडला त्यांच्या इमारतीखाली पोचलो तर त्यांना दूध घ्यायचं आठवलं. "दुसरा मजला, उजवीकडे. तू हो पुढे, बेल दाब."

मी बेल दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. वाटलं, बिघडलेली दिसते, म्हणून अंगठा ठेवूनच दिला. दार धाडकन उघडलं. कणकेने हात भरलेल्या एक उंच, गोऱ्या बाई.

"अगं, उडेल ना दिवा! एकदा दाबलं की पुरतं."

आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाल दिवा लुकलुकत होता. पलीकडच्या खोलीत पलंगावर आणखी एक. मी कोण, कुठली ते सांगायला लागले आणि लक्षात आलं की बाई माझ्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, तोंडाकडे बघताहेत. मला वाटलं, दातात काहीतरी अडकलंय. मी तोंडावर हात ठेवला.

"हात काढ," बाई म्हणाल्या. "नाहीतर कळायचं नाही मला."

तेवढ्यात हेड दुधाची पिशवी घेऊन आले. दारातून काही बोलले नाहीत. चालत त्यांच्या समोर गेले, खांद्याला बोट लावलं, त्या बघेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "दूध मिळालं. ही आमच्या ऑफिसातली." प्रत्येक शब्द सुटा, ओठ उघडून, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड घेऊन. मी तिथे चपला हातात घेऊन उभी होते. वर्ष-दोन वर्षं ज्या सवयींची आम्ही टिंगल केली, त्या सगळ्या माझ्यासमोर एका जागी येऊन बसल्या. दिवसातून दोनदा दाढी. टेबलावरची टकटक. दिवे गेल्यावरचं मौन. मला इतकी लाज वाटली की चहात साखर नाही हेही मी बोलले नाही.

बाईंनीच सगळं सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, मध्येच आवाज चढवत, मध्येच एकदम बारीक करत. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. बारा वर्षांपूर्वी क्षय झाला. "इंजेक्शनं दिली. छाती सुधारली, कान गेले. जीव वाचला, तेव्हा तक्रार कसली करायची?" शाळेने त्यांना लायब्ररीत बसवलं. दोन वर्षं पुस्तकांना नंबर घालून त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. ओठ वाचायला शिकल्या त्या घरी, आरशासमोर, नवऱ्याला शेजारी बसवून. मराठी तेवढं येतं. हिंदी-इंग्रजी ओठांवर ओळखू येत नाही.

"तीन वर्षांपूर्वी हे मला अजिंठ्याला घेऊन गेले," बाई म्हणाल्या. "गाईडला ही एवढी झुपकेदार मिशी. मिशीतून जे सुटेल ते तंबाखूत जायचं. बोलायचा भिंतीकडे तोंड करून. लेण्यात अंधार, टॉर्च चित्रावर. सगळे हसले की मी ह्यांना विचारायचे, काय म्हणाला? हे म्हणायचे, काही नाही, सांगतो नंतर."

"सांगायचो की नंतर," हेड कपात बघत म्हणाले. मग चूक लक्षात येऊन मान वर केली आणि पुन्हा म्हणाले, "नंतर सांगायचो."

"सांगायचात ना. चाळीस वाक्यांचं एक करून. कुठला राजा ते सांगायचात. लोक हसले कशाला, ते राहूनच जायचं." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "घरी आले आणि म्हटलं, पुन्हा नाही. दगड मला पुस्तकातही दिसतात."

ते 'काही नाही' त्या घरात अजून कुठेतरी रुतून बसलेलं होतं, हे मला बसल्या जागी कळलं. हेडनी कप खाली ठेवला नाही, रिकामा झाला तरी.

आता त्या एकदाच यायला तयार झाल्या होत्या. बदामी-पट्टदकल त्यांनी वर्षानुवर्षं पुस्तकातल्या अंगठ्याएवढ्या चित्रावरून मुलींना शिकवलं होतं. पण त्यांच्या अटी होत्या. जे सगळ्यांना कळेल ते त्याच क्षणी त्यांना कळलं पाहिजे, नवऱ्याच्या मार्फत नाही. आणि कानांचं कुणाला सांगायचं नाही. "सांगितलं की लोक दया करतात आणि ओरडायला लागतात. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं." आणि हे जमलं नाही, तर सहलीचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. हेडना चुकून चालणार नव्हतं ते यासाठी. इतक्या वर्षांनी बाई घराबाहेर पडायला 'हो' म्हणाल्या होत्या आणि ते 'हो' एकदाच मिळणार होतं.

त्यानंतर मी काउंटरवर लाजले नाही. मुलुंडच्याच एका छोट्या कंपनीत, जिचं ऑफिस म्हणजे किराणा दुकानाचा पोटमाळा होता, मालकांना मी खडसावूनच विचारलं, "गाईडला मिशी आहे का?"

"मिशी? छे हो!" मालक म्हणाले. "भांडुपचा आहे आमचा गाईड. गिरणीत होता, गिरणी बंद पडली तसा आमच्याकडे आला. गावाकडे दशावतारात बायकांची कामं करतो. मिशी ठेवून द्रौपदी कशी होणार?"

बाकावरून हेड उठून उभे राहिले. मी त्यांना तसं उठताना कधी पाहिलं नव्हतं.

पण हेड तोंडी माहितीवर विसंबणारे नव्हते. पंपाचा नमुना चालवून बघितल्याशिवाय ते ड्रॉइंगवर सही करत नसत, मग गाईडवर कशी करतील? त्यांनी परीक्षा ठेवली. आमच्या कारखान्यापासून पायी जाण्यासारखी महाकाली लेणी होती. अंधेरीतल्या बऱ्याच लोकांना ती बसच्या पाटीपुरतीच ठाऊक. शनिवारी दुपारी तिथे बाई, हेड, मी आणि गाईड असे जमलो. हेडच्या हातात लेण्यांचा नकाशा, त्यांनीच मोजून काढलेला, त्यावर दुपारी तीनचं ऊन कुठून येतं त्याचे बाण. गाईड साधारण चाळिशीचा, काळासावळा, तुळतुळीत, मोठ्या डोळ्यांचा. त्याला कानांचं काही सांगितलेलं नव्हतं.

"माझी परीक्षा घेतास काय?" त्याने हसत विचारलं. "घेवा, घेवा. येणार म्हटल्यार तयारीन इलंय."

"तुम्ही बोलताना तोंड कुठे करता?" हेडनी विचारलं.

"खंय म्हणजे? पब्लिककडे. आमच्या नाटकात पब्लिककडे पाठ करूची नाय. पाठीक तोंड नसता."

हेडनी वहीत काही लिहिलं नाही. मला वाटतं, ते वाक्य त्यांना पाठ झालं असावं.

बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. चेहरा असा, की नापास करायला आलेल्या बहिःस्थ परीक्षक. गाईड सुरू झाला. आमच्याशी मालवणीत बोलणारा माणूस लेण्यासमोर उभा राहिला की स्वच्छ पुस्तकी मराठीत शिरायचा, आणि नुसतं सांगायचा नाही, करून दाखवायचा. पावसाळ्याचे चार महिने भिक्षू इथे राहायचे, हे सांगताना त्याने भिक्षेचं भांडं उचललं, डोंगर चढला, धापा टाकल्या आणि वर पोचल्यावर भांड्यात डोकावून असं तोंड केलं की मी फसकन हसले. त्याच क्षणी शेजारून दुसरं हसू आलं. मी वळून पाहिलं. बाई हसत होत्या. हेड आमच्या मागे उभे होते आणि आळीपाळीने माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होते. आम्ही दोघी एकाच वेळी हसलो होतो, एवढंच त्यांना बघायचं होतं.

अडलं ते आत. गोल दालनात दगडी स्तूप आणि काळोख. गाईडने टॉर्च पेटवून स्तूपावर धरला. बाईंचा चेहरा एकदम मिटला. मी सरळ त्याच्या हातातून टॉर्च घेतला आणि त्याच्या तोंडावर मारला.

"गो बाय! माझ्या तोंडार कित्याक? स्तूप थंय आसा!"

"तुम्ही बोला हो," मी म्हटलं. "स्तूप कुठे पळून जात नाही."

त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि बोलायला लागला. परत निघताना बाई आणि हेड पुढे गेले तसा तो माझ्यापाशी रेंगाळला.

"त्या बायांका ऐकूक येणा नाय ना?"

मी पुढे चाललेल्या दोघांकडे बघितलं.

"माका स्टेजवरसून कळता. कोण कानांनी ऐकता, कोण डोळ्यांनी. भियाव नको. मी सांगूचंय नाय कोणाक. टॉर्चचा पण बघतंय."

बाईंनी निकाल फाटकापाशी दिला. "ठीक आहे. जाऊ." मग मला म्हणाल्या, "काय गं, तो मघाशी तुला काय विचारत होता? पाठमोरा होता, दिसलं नाही." मी त्यांच्या समोर उभी राहून, तोंडावरचा हात काढून, साफ खोटं बोलले. "माझं लग्न ठरलंय का, विचारत होता." बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

नाताळच्या सुट्टीला जोडून ते दोघे गेले. जाण्याआधी हेडनी कंपनीच्या मालकांना एक ड्रॉइंग दिलं. कुठल्या देवळात किती वाजता गेलं की ऊन गाईडच्या तोंडावर पडेल, त्याचं. मालक बापडे म्हणाले, "अहो, पण जेवणाची वेळ?" हेड म्हणाले, "जेवण केव्हाही चालेल."

ते चार दिवस मला ट्रेसिंग सुधरेना. एका इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाला, एक पातं जास्त काढलं आणि दुपारभर खरवडत बसले. नाही जमलं तर? तिथे गाईडलाच ताप आला आणि कंपनीने कुणीतरी मिशीवाला उभा केला तर? काउंटरवर मी इतके प्रश्न विचारले होते, हा एक विचारायचा राहिला होता. मला मनापासून त्या बाईंची काळजी वाटत होती, आणि त्याहून जास्त हेडची.

सोमवारी हेड आले. बेसिनपाशी गेले, दाढी केली. मग माझ्या टेबलावर टकटक झाली. मी आधीच मान वर करून बसले होते.

"तिसऱ्या दिवशी पट्टदकलला," ते म्हणाले. प्रवास कसा झाला वगैरे काही नाही. "मोठ्या देवळापाशी. शेजारी शेत. गाईडने बोलायला सुरुवात केली आणि शेतकऱ्याने डिझेल पंप चालू केला. सायलेन्सर फुटलेला. आपला नव्हता. आपला असता तर एवढा ओरडला नसता."

"मग?"

"वीस-बावीस माणसं. कुणाला एक शब्द ऐकू येईना. काय म्हणतोय, मोठ्याने बोला, असा आरडाओरडा. गाईड रंगात आलेला, तो थांबतोय कसला. आमची ही पुढे उभी होती, तिला काय, सगळं स्वच्छ. तिने वर्गात करतात तसा हात वर केला. म्हणाली, थांबा, हे देऊळ राजाने नाही बांधलं. राजा लढाई जिंकून आला म्हणून राणीने बांधलं."

"गाईडशी भांडल्या?"

"भांडली!" हेड इतक्या आनंदाने म्हणाले की शेजारच्या ड्राफ्ट्समनने पेन खाली ठेवलं. "दहा मिनिटं. तो म्हणतोय राजाने, ही म्हणते राणीने. लोकांना त्याचं काही ऐकू येत नाही, हिचं सगळं येतंय. तुला माहितीये तिचा आवाज चढला की कसा चढतो. मग तो काहीतरी बोलला, तिने कपाळावर हात मारला, हसली, वळली आणि सगळ्यांना सांगितलं तो काय म्हणाला ते. सगळे पोट धरून हसले. त्यानंतर पंप बंद होईपर्यंत तो बोलायचा आणि ही वळून लोकांना सांगायची. वर्गच भरला."

"काय म्हणाला होता तो?"

हेड थांबले. दिवे गेलेले नव्हते, तरी थांबले.

"तोवर मी पंपापाशी पोचलो होतो गं. सायलेन्सर बघायला गेलो होतो. तिथे त्याचंही ऐकू येत नव्हतं आणि हिचंही. सगळे हसताना दिसले म्हणून धावत गेलो. तिच्या समोर उभा राहिलो. विचारलं, काय म्हणाला?"

"मग?"

"ती म्हणाली, काही नाही हो. सांगते नंतर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी अमोनियाचं मशीन बंद होतं, त्यामुळे लपवायलाही काही नव्हतं.

"मुद्दाम म्हणाल्या असतील," मी म्हटलं. "अजिंठ्याचा वचपा."

"मलाही आधी तेच वाटलं," हेड म्हणाले. "पण तिने माझ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. तो पुढचं बोलायला लागला होता ना. तिला वेळच नव्हता."

मग ते वळले आणि आपल्या टेबलाकडे चालू लागले. चालता चालता, माझ्याकडे पाठ करून, काहीतरी म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. काय म्हणाले ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.